परसांतील शाळा : शिंजिराची माधुकरी

मागील अंकांत आपण दयाळाच्या गाण्याविषयीं बोललों. त्या लेखास अनुलक्षून जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं तीन पत्रें निराळ्याच पक्ष्याविषयीं आहेत, आणि योगायोग असा कीं तिघांचाहि पक्षी एकच. एक भगिनी लिहितात कीं, मुलांनीं हट्ट करून शहरांतून साखरपाण्याची लाल बाटली आणविली आहे. ती शिंजिरासाठीं अंगणांत टांगावी कीं टांगूं नये? दुसऱ्या एका गृहस्थांची तक्रार अशी कीं, हा टीचभर पक्षी जास्वंदीच्या फुलांना बुडाशीं भोंकें पाडतो आणि पूजेचीं फुलें उष्टीं करतो. तिसरें पत्र कोंकणांतील एका बागायतदारांचें आहे. त्यांच्या आंब्याच्या झाडांवर बांडगूळ माजलें असून त्याच्या फुलांवर हा पक्षी दिवसभर दिसतो. तेव्हां त्यास हांकलून लावावें काय, असें ते विचारतात.

तिन्ही पत्रांना निरनिराळीं उत्तरें देतां येतील. परंतु तीं सर्व एका मूळ प्रश्नावर अवलंबून आहेत : हा पक्षी खातो तरी काय, आणि खाल्ल्या घरचें देणें फेडतो कीं नाहीं? माघ सरत आला आहे, पांगारा फुलूं लागला आहे, आणि शिंजिराचा हा ऐन हंगाम आहे. तेव्हां या महिन्याचा पाठ त्याच्यावरच घ्यावा, हें उचित होय.

प्रथम पक्ष्याची ओळख. शिंजीर किंवा सूर्यपक्षी या नांवाखालीं आपल्याकडे अनेक जाती मोडतात. आमचें घर रत्नागिरी जिल्ह्यांतील किनाऱ्याजवळच्या एका खेड्यांत आहे. तेथें परसांत दोन जाती नित्य दिसतात. पहिली जात जांभळ्या शिंजिराची. लांबी सुमारें 10 सेंटिमीटर आणि वजन 10 ग्रॅमच्या आंत. विणीच्या काळांत नर दुरून काळा कुळकुळीत भासतो. पण ऊन अंगावर पडलें कीं त्याच काळ्यांतून निळ्या-जांभळ्या रंगाची अशी झांक उमटते कीं पाहणाऱ्यास मोरकंठी रेशमाची आठवण व्हावी. मादी वरून मातकट आणि खालून फिकट पिंवळी असते. वीण आटोपली म्हणजे नरहि आपलीं उंची वस्त्रें उतरवून ठेवतो आणि जवळजवळ मादीसारखा साधा होतो; हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा तेवढा शिल्लक राहतो. दुसरी जात पिंवळ्या पोटाची. तिच्या नराचा गळा जांभळा, पाठ किरमिजी, शेपटीच्या वर जांभळी झांक आणि पोट हळदीसारखें पिंवळें. तो आपला रंग वर्षभर टिकवितो. सह्याद्रीच्या झाडींत आणखी एक लाल छातीचा सूर्यपक्षी आहे, त्यास व्हिगॉर्सचा सूर्यपक्षी म्हणतात. कर्नल साइक्स यानें त्याचें वर्णन 1832 सालीं प्रसिद्ध केलें. पश्चिम घाट आणि त्याच्या लगतचा मुलूख सोडून तो सहसा कोठें आढळत नाहीं. तो आमच्या परसांत क्वचित् येतो. म्हणून आजचा विचार पहिल्या दोघांपुरता.

पूर्वीं पुण्यास किंवा वाईस शिकावयास गेलेले गरीब विद्यार्थी माधुकरी मागून विद्या करीत, हें आपल्या घराघरांतील वडील माणसांनीं ऐकलेलें असेल. त्या शब्दांतच मधुकर बसला आहे. भुंगा जसा प्रत्येक फुलांतून थोडा थोडा मध घेतो, तसें विद्यार्थ्यानें प्रत्येक घरून थोडें थोडें अन्न घ्यावें, कोणा एकावर भार घालूं नये, असा त्यांतील भाव. शिंजिराची न्याहारी पाहतांना मला हा शब्द पदोपदीं आठवतो. उन्हें ओटीवर आलीं कीं नर प्रथम कर्दळीवर येतो. एका फुलावर दोन-तीन क्षण, कीं लागलाच दुसऱ्यावर. तेथून जास्वंदीवर, जास्वंदीवरून केळफुलावर, तेथून शेवग्याच्या शेंड्यावर. घटकाभरानें पाहावें तों स्वारी पुन्हां कर्दळीवर हजर!

असें कां? एकाच फुलावर बसून पोट भरण्याची सोयच नसते. फुलांत एका वेळीं मकरंदाचे थेंब थोडे. ते संपले म्हणजे पुन्हां जमण्यास वेळ लागतो. हा झाडाचा कृपणपणा नव्हे, हा त्याचा संसार आहे. एकाच फुलानें पाहुण्याचें पोट भरलें, तर पाहुणा तेथेंच विसांवेल, आणि त्याच्या कपाळास लागलेले परागकण दुसऱ्या झाडाला कोण पोंचविणार? थोडें देऊन पुढच्या घरीं पाठवावें, यांतच देणाऱ्याचाहि लाभ आहे. मात्र शिंजिराच्या अंगीं एक दोष आहे, तो सांगितला पाहिजे. चांगलें फुललेलें झुडूप सांपडलें कीं नर तें आपल्या मालकीचें समजतो आणि दुसऱ्या शिंजिरास चिवचिवाट करीत पिटाळून लावतो. माधुकरी मागणारे विद्यार्थी असें करीत, असें निदान आमच्या ऐकिवांत नाहीं.

या धंद्यास लागणारीं हत्यारें निसर्गानें त्यास चोख दिलेलीं आहेत. चोंच बारीक, खालीं वांकलेली आणि कडांना अतिसूक्ष्म दांते असलेली. जीभ लांब असून तिच्या कडा आंत वळल्यामुळें ती नळीसारखी झालेली असते. तिचें टोंक दुभंगलेलें असतें. चोंच फुलांत शिरली कीं जीभ पुढें सरते आणि मकरंद त्या नळींतून वर ओढला जातो. हें वर्णन वाचून कोणास अमेरिकेंतील गुंजनपक्ष्याची, म्हणजे ज्यास इंग्रजींत हमिंगबर्ड म्हणतात त्याची, आठवण होईल. आणि शहरांतील पुष्कळ मंडळी शिंजिरास त्याच नांवानें संबोधितातहि. तें बरोबर नव्हे. गुंजनपक्षी केवळ अमेरिका खंडांत आढळतो, आणि त्याचें व शिंजिराचें कूळ अगदीं निराळें आहे. दोन दूरच्या घराण्यांनीं एकच व्यवसाय पत्करला, म्हणून दोघांचीं हत्यारेंहि सारखीं झालीं, इतकेंच. गुंजनपक्षी हवेंत एका जागीं पंख फडफडवीत राहून रस पितो. आमचा शिंजीर तसें क्षणभर करूं शकतो खरा, परंतु त्यास बसून जेवणें आवडतें. म्हणून ज्या झुडपाच्या फुलाजवळ बसण्यापुरती काडी असते, तेथें तो अधिक रमतो.

आतां देण्याघेण्याचा हिशेब पाहूं. माघ-फाल्गुनांत पांगारा, सांवर आणि घाटावरील पळस हीं झाडें पानें टाकून लाल-केशरी फुलांनीं पेटतात. या फुलांना बहुधा सुवास नसतो. रंग भडक आणि मकरंद पातळ पण पुष्कळ. हें आमंत्रण पक्ष्यांना आहे. मधमाशीच्या डोळ्यांस तांबडा रंग नीट उमगत नाहीं, पक्ष्यांच्या डोळ्यांस तो उत्तम दिसतो; आणि फुलें शोधतांना पक्षी वासापेक्षां दृष्टीवरच विसंबतात. पळसाला पानें तीन, हें आपल्यांत पोरासोरांनाहि ठाऊक असतें. परंतु पळसाचा खरा पुरोहित कोण, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. दिल्ली विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पळसाच्या परागणाचा अभ्यास करून 2003 सालीं तो प्रसिद्ध केला. फुलांवर अनेक जातींचे पक्षी येतात, खारहि येते. परंतु पराग योग्य जागीं पोंचविण्याचें काम पक्ष्यांपैकीं जांभळा शिंजीरच करतो आणि खार त्यास हातभार लावते, असें त्यांस आढळून आलें. म्हणजे पळसाच्या दारीं जेवून हा पक्षी तसाच उठत नाहीं. दक्षिणा घेण्याऐवजीं तोच देऊन जातो.

जास्वंदीच्या बाबतींत मात्र गृहस्थांची तक्रार खरी आहे. जास्वंदीच्या फुलांत मकरंद पाकळ्यांच्या बुडाशीं असतो आणि पराग लांब दांड्याच्या टोंकास. शिंजीर समोरून न शिरतां बहुधा देंठाच्या बाजूस लटकतो, बुडाशीं चोंच खुपसतो आणि परागास स्पर्शहि न करतां मध घेऊन जातो. पुढच्या दारानें येऊन यजमानास नमस्कार करण्याऐवजीं मागच्या दारानें स्वयंपाकघरांत शिरावें, तशी ही गोष्ट झाली. पण या चोरीनें कोणाचें नुकसान होतें, हेंहि पाहिलें पाहिजे. आपल्या परसांतील जास्वंद आपण फांदी रोंवून वाढवितों. तिला बी क्वचितच धरतें आणि तें धरावें अशी आपली अपेक्षाहि नसते. फूल सकाळीं उमलतें आणि बहुधा त्याच दिवशीं मावळतें. तेव्हां जो मकरंद संध्याकाळीं मातीस मिळावयाचा, तो दुपारीं एका जीवाच्या मुखीं पडला. फूल उष्टें झालें, ही शंका मनांतून काढून टाकावी. भुंगा बसून गेला म्हणून कोणी कमळ टाकून देत नाहीं. तरीहि मनास पटत नसेल, तर पूजेचीं फुलें उमलतां उमलतां लवकर खुडावीं आणि चार फुलें झाडावर ठेवावीं. सगळें झाड ओरबाडून देवासमोर रास घालण्यांत देवाचा संतोष अधिक होतो, असें मला वाटत नाहीं.

बागायतदारांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्यांत पोटापाण्याचा संबंध येतो. बांडगूळ हें परोपजीवी झाड. तें आंब्याच्या फांदींत आपलीं मुळें रुतवून तिच्यांतील पाणी व क्षार शोषून घेतें आणि फांदी हळूहळू निकामी करतें. डॉ. सलीम अली यांनीं कोंकणांतील याच विषयावर एक लेख लिहिला आणि तो मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत 1931 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सूर्यपक्षी आणि फुलटोचा या दोन पक्ष्यांचीं कामें विभागून दाखविलीं आहेत. बांडगुळाची तयार कळी लांब नळीसारखी असते. शिंजिराची चोंच तिला लागतांच ती फटकन् उघडते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतात. ते घेऊन तो पुढच्या फुलाकडे जातो. फळें धरल्यावर तीं खाणारा मात्र फुलटोचा. बी चिकट असतें; तें त्याच्या विष्ठेवाटे फांदीवर पडतें, तेथेंच चिकटतें आणि रुजतें. म्हणजे लग्न लावतो एक आणि वऱ्हाड पोंचवितो दुसरा!

तेव्हां शिंजीर या प्रकरणांत अगदींच निर्दोष आहे, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यास हांकलून काय साधणार? पक्षी मोठ्या झाडावरून हांकलण्याइतका वेळ कोणास आहे, आणि एकास हांकलावें तर दुसरा येणारच. खरा उपाय हातांतील कोयत्याचा आहे. बांडगुळास फळें धरण्यापूर्वींच, तें जेथें चिकटलें असेल त्याच्या थोडें खालून, फांदीसकट छाटून टाकावें. वरवर पानें तोडलीं तर आंत राहिलेल्या मुळांतून तें पुन्हां फुटतें. हें काम एकट्याच्या बागेंत करून भागत नाहीं. शेजाऱ्यानेंहि केलें पाहिजे, कारण फुलटोचा गडगा मानीत नाहीं.

येथवर आपण फक्त मकरंदाची गोष्ट केली, आणि पुष्कळ लोकांचा समज असा असतो कीं शिंजीर मध पिऊनच जगतो. हा समज अर्धाच खरा आहे. मकरंद म्हणजे मुख्यत्वें साखर आणि पाणी. उडण्यास लागणारी शक्ति त्यांतून मिळते; परंतु मांस, पिसें, हाडें हीं साखरेंतून घडत नाहींत. म्हणून मोठा शिंजीरहि मधून मधून पानांच्या खालून बारीक किडे आणि जाळ्यांतून कोळी टिपीत असतो. पिलांच्या बाबतींत तर हें सर्वस्वीं खरें आहे. तीं अळ्या, माशा आणि कोळी यांच्यावरच वाढतात. आपल्याकडे लहान मुलास नुसता गूळ चारून वाढवितां येत नाहीं, वरणभात लागतो, तसेंच हें.

कोळ्याचें दुसरेंहि एक ऋण या पक्ष्यावर आहे. घरटें बांधण्याचें काम मादी करते. बारीक गवत, सालींचे तुकडे, वाळकीं पानें, अळ्यांची लेंडी, जें मिळेल तें ती आणते आणि हें सर्व एकत्र बांधते तें कोळ्याच्या जाळ्यानें. फांदीच्या टोंकास लोंबणारी ती पिशवी पाहून पुष्कळांस वाटावें कीं वाऱ्यानें कांहीं केरकचरा येथें अडकला आहे. एका बाजूस वाटोळें दार आणि दारावर लहानशी पडवी. अंडीं उबविण्यास सुमारें पंधरवडा लागतो, आणि पिलें उडून जाण्यास जवळजवळ तितकाच काळ. कोळिष्टक नसेल तर हें घरच उभें राहत नाहीं.

या दोन गोष्टी किती महत्त्वाच्या आहेत, हें आमच्या घरीं 2022 सालीं दिसून आलें. त्या वर्षीं फेब्रुवारींत पडवीच्या कडेस चढविलेल्या कृष्णकमळाच्या वेलीस जांभळ्या शिंजिराच्या मादीनें घरटें टांगलें. आमची नात तेव्हां चौथींत होती. तिनें वही घातली आणि रोज सकाळीं पायरीवर बसून मादी किती वेळां येते, चोंचींत काय आणते, हें लिहूं लागली. एका सकाळीं तासाभरांत अकरा फेऱ्या झाल्या, आणि नऊ वेळां चोंचींत कांहींतरी वळवळणारें स्पष्ट दिसलें. नर मधून मधून येऊन चारा देई. एरवीं तो माडाच्या झावळीवर बसून गात असे.

मार्चच्या आरंभीं घरामागच्या कलमांवर औषध मारलें गेलें. मोहोरावर तुडतुडे पडले होते, आणि ते पडल्यावर हात बांधून बसणें बागायतदारास परवडत नाहीं. वारा घराकडचा होता. दुसऱ्या दिवसापासून नातीच्या वहींतील आंकडे उतरत गेले : सात, चार, तीन. मादी येई, परसांत पानोपानीं शोधी, आणि रिकामीच जास्वंदीवर जाऊन बसे. चौथ्या दिवशीं घरट्यांतून आवाज आला नाहीं. एक पिलूं आंत मरून पडलें होतें, दुसरें वेलीखालीं. औषधानें गेलीं कीं उपाशीं गेलीं, हा वाद मी घालीत नाहीं. मीं पाहिलें तें इतकेंच कीं, त्या चार दिवसांत परसांत कोळी दृष्टीस पडला नाहीं, आणि जास्वंदीला, कर्दळीला, केळफुलाला मकरंद नेहमींइतकाच होता. फुलांचें अन्नछत्र उघडें होतें. पिलांच्या कामाचें त्यांत कांहीं नव्हतें.

नातीनें वहींत त्या दिवसाखालीं कांहींच लिहिलें नाहीं. रात्रीं जेवतांना तिनें आपल्या वडिलांस विचारलें, "बाबा, आपल्याच आंब्यांमुळें झालें ना?" चिरंजीवांनीं तिला उडवून लावलें नाहीं. ते मला उद्देशून म्हणाले, "अण्णा, तुडतुड्यानें मोहोर खाल्ला तर वर्षभर घर कशावर चालवायचें, हेंहि हिला सांगा. पाखरांसाठीं मोहोर सोडून द्या, असें मला कोणी म्हणूं नये." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमच्या घरांत नऊ माणसें जेवतात, आणि माझ्या निवृत्तिवेतनावर त्यांतील दोघांचें भागतें.

वाद दोन-चार रात्रीं चालला. शेवटीं जें ठरलें तें असें. घराला लागून असलेलीं पांच झाडें आणि सगळें परसूं यांवर औषध मारावयाचें नाहीं. बाकीच्या बागेंत तारीख आली म्हणून मारावयाचें नाहीं; आधीं मोहोर झाडून तुडतुडे किती आहेत तें पाहावयाचें आणि मग ठरवावयाचें; आणि वारा घराकडचा असेल तर त्या दिवशीं पंप बाहेर काढावयाचा नाहीं. सूनबाईंनीं आपल्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली. घराच्या आंतील जळमटें त्या सणावारीं काढतातच, त्यांत कांहीं फरक नाहीं. पण पडवीच्या बाहेरचीं, वळचणीचीं आणि वईवरचीं जाळीं संक्रांतीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत त्या काढीत नाहींत. येणारे-जाणारे पाहुणे एखादे वेळीं वर पाहून हंसतात. त्यांना कारण सांगण्याचें काम नातीकडे दिलें आहे.

याचें फळ काय मिळालें, तेंहि झांकून ठेवीत नाहीं. त्या पांच झाडांचा आंबा पूर्वींपेक्षां कमी उतरतो, आणि हा हिशेब दरवर्षीं मोसमाच्या शेवटीं मला ऐकविला जातो. 2023 सालीं घरटेंच झालें नाहीं. 2024 सालीं दोन पिलें उडालीं. 2025 सालीं पुन्हां घरटें झालें, पण तें भारद्वाजानें लुटलें. ज्याचें दर्शन आपण शुभ मानतों त्यानेंच हें करावें, याचें मुलांना मोठें नवल वाटलें. परंतु त्यांत कोणाचाच अपराध नव्हता. भारद्वाजाच्या घरींहि पिलें असतात.

आतां साखरपाण्याच्या बाटलीचा प्रश्न उरला, आणि वरील हकीगत वाचल्यावर त्याचें उत्तर वाचकांनीं स्वतःच काढलें असेल. बाटलींत पिलांचें अन्न नाहीं. शिवाय आपल्या हवेंत साखरपाणी एका दिवसांत आंबूं लागतें, त्यावर बुरशी धरते, मुंग्या चढतात. रोज कढत पाण्यानें बाटली धुण्याचा उत्साह मुलांना आठ दिवस टिकतो, मग ती तशीच लोंबकळत राहते आणि आजाराचें घर होते. पाण्यांत साखरेऐवजीं मध घालावा, असेंहि कोणी सुचवितात. तें तर मुळींच करूं नये, कारण त्यांत बुरशी अधिकच माजते. आणखी एक गोष्ट विचारांत घ्यावी. पाहुणा बाटलीवर पोट भरूं लागला, तर तो तितक्या कमी फुलांकडे जाईल. माधुकरी मागणाऱ्यास एकाच घरीं पंगतीस बसवून ठेवण्यासारखें तें आहे. त्यांत त्याचें हित थोडें आणि आळींतील इतर घरांचें मुळींच नाहीं. म्हणून भगिनींनीं ती बाटली मुलांच्या खेळण्यांत ठेवून द्यावी, आणि तिच्या किंमतीचीं रोपें आणावीं.

कोणतीं, म्हणाल तर फार शोधावें लागत नाहीं. एकेरी पाकळ्यांची तांबडी जास्वंद, कर्दळ, डाळिंब, शेवगा, मागील दारीं एखादी केळ. जागा असेल तर वईला पांगारा. जास्वंद गेंददार, भरगच्च पाकळ्यांची घेऊं नये. ती दिसण्यास मोठी देखणी, परंतु तिच्या गर्दींत पक्ष्याची चोंच रसापर्यंत पोंचणें कठीण. शहरांत ज्यांच्या वांट्यास सज्जाच आला आहे, त्यांनीं एक जास्वंद व एक कर्दळ कुंडींत लावली तरी पुरे; शिंजीर माणसास फारसा बुजत नाहीं आणि चौथ्या मजल्यावरहि येतो. उन्हाळ्यांत सकाळीं झाडांच्या पानांवर पाणी शिंपडावें. हा पक्षी पुष्कळदां भांड्यांत उतरण्यापेक्षां ओल्या पानांवर अंग घांसून स्नान करणें पसंत करतो, आणि तें दृश्य मुलांनीं एकदां पाहिलें कीं झाडांस पाणी घालण्याविषयीं त्यांना दुसऱ्यांदा सांगावें लागत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पानांवर चार भोंकें दिसलीं कीं लगेच फवाऱ्याची बाटली उचलूं नये. अळीनें खाल्लेलें एखादें पान म्हणजे कोणाच्या तरी पिलाचा घांस आहे, असें समजावें.

चैत्राच्या अंकासाठीं मुलामुलींना एक अभ्यास देतों. आपल्या परसांत, अंगणांत किंवा सज्जांत शिंजीर येत असेल, तर लागोपाठ सात दिवस एकाच वेळीं पंधरा मिनिटें बसावें. कोणत्या फुलावर किती वेळां आला, समोरून शिरला कीं बुडाशीं, आणि चोंचींत किडा दिसला काय, एवढेंच लिहावें. घरटें आढळल्यास चार हात दूर राहावें, फांदी वांकवूं नये, आणि दाखविण्यासाठीं शेजाऱ्यांची जत्रा जमवूं नये. वह्या संपादकांच्या पत्त्यावर पाठवाव्या. त्यांतील चांगल्या नोंदी पुढील पाठांत देईन. आमच्या नातीची वही त्यांत धरावयाची नाहीं, असें तिनेंच सांगितलें आहे. स्पर्धेंत आजोबाच परीक्षक असणें तिला न्यायाचें वाटत नाहीं.